हातातल्या उघाड्या

पेणच्या बाजारात कुणालाही विचारा, शीर म्हणजे काय? पोटरीत गोळा आला की शिरेवर शीर चढते. कमरेपासून पायापर्यंत कळ गेली की शीर दबलेली असते. मूठ आवळल्यावर मनगटात जी दोरी ताठ उभी राहते ती शीर, आणि सलाईन लावायला आलेली सिस्टर हात उलटापालटा करून शोधते तीही शीरच. पहिल्या वेळी दुखतो तो स्नायू, दुसऱ्या वेळी मज्जातंतू. तिसऱ्या वेळी दिसते ती कंडरा. रक्त वाहून नेणारी खरी शीर फक्त चौथी. बोलताना एका शब्दावर भागते, पण हातात सुई असली की भागत नाही. मनगटाच्या चार बोटे रुंदीत शीर, धमनी, कंडरा आणि मज्जातंतू एकमेकांना चिकटून राहतात, आणि सुई त्यांतल्या एकीतच जायची असते.

नर्सिंगच्या मुलींना मी पहिल्या दिवशी डोळे मिटायला सांगते. स्वतःच्या डाव्या हातावर उजव्या हाताची तर्जनी फिरवा आणि काय लागते ते सांगा. शीर दाबली की लवते, बोट उचलले की लगेच वर येते. धमनीला ठोका असतो. कंडरा कडक लागते, आणि बोटे हलवायला सांगितली की बोटाखालून सरकते. आधीच्या सुयांनी आतून गुठळी झालेली शीर सुतळीसारखी लागते; दिसायला ठसठशीत, पण तिच्यात लवचिकपणा उरलेला नसतो, म्हणून ती कामाची नसते. मज्जातंतू मात्र बोटाला कळत नाही. सुई त्याला लागली तर रुग्णच ओरडतो, ‘करंट लागला!’ त्या क्षणी सुई काढायची. थोडे पुढे सरकवून पाहू, हा विचारही करायचा नाही.

डोळ्यांवर फार विसंबू नये याला आमच्या भागात आणखी एक कारण आहे. शेतात, मिठागरात, वीटभट्टीवर उन्हात काम केलेल्या कातडीवर निळी रेघ दिसतच नाही. इतरांच्या कातडीवर ज्या निळ्या रेघा वरवर दिसतात त्याही बरेचदा कातडीतल्या बारीक शिरा असतात, सुईच्या उपयोगाच्या नसतात. चांगली शीर बरेचदा दिसत नाही, लागते.

आता उघाडीकडे वळते. पेणच्या खारेपाटात राहणाऱ्याला उघाडी समजावून सांगावी लागत नाही, इतरांसाठी सांगते. धरमतरच्या खाडीचे खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून बंदिस्ती घातलेली असते आणि तिच्यात ठिकठिकाणी झडपेची दारे, म्हणजे उघाड्या, बसवलेल्या असतात. ओहोटी लागली की शेतातले पावसाचे पाणी झडप ढकलून खाडीत उतरते. भरती आली की बाहेरच्या पाण्याचा दाबच झडप मिटवतो. पाणी एकाच दिशेने जाणार, उलट येणार नाही. आपल्या हातापायांच्या शिरांमध्ये अगदी अशाच झडपा आहेत. धमनीत हृदयाचा जोर असतो, तिला झडपांची गरज नाही. शिरेतला दाब अगदी कमी. रक्ताला खालून वर, हृदयाकडे चढायचे असते, त्याला ढकलतात ते आजूबाजूचे स्नायू, आणि घसरू देत नाहीत त्या उघाड्या.

या झडपांचे तपशीलवार वर्णन इटलीतल्या पादुआच्या विद्यापीठात फाब्रिसियसने १६०३ साली छापले. त्या का असतात हे मात्र त्याला नीट उमगले नव्हते. ते उमगले त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याला. १६२८ च्या आपल्या पुस्तकात त्याने बांधलेल्या दंडाची चित्रे दिली आणि रक्त शरीरात फिरते हे दाखवून दिले. तो प्रयोग घरी बसून करता येतो. हात खाली सोडा, दंडाला ओढणी बेताने आवळून बांधा, मूठ दोनचारदा उघडा-मिटा. शिरा फुगतील आणि त्यांच्यावर मधे मधे गाठी दिसतील. त्या गाठी म्हणजे उघाड्या. एका गाठीच्या खालच्या, म्हणजे पंजाकडच्या बाजूला बोट दाबून ठेवा, दुसऱ्या बोटाने शीर त्या गाठीच्या पलीकडे, वरच्या दिशेने पुसून घ्या. मधला तुकडा रिकामा पडेल आणि रिकामाच राहील. वरचे रक्त गाठीशी अडेल. खालचे बोट उचलले की क्षणात भरेल.

सिस्टरच्या दृष्टीने या गाठींचा अर्थ सरळ आहे: सुईचे टोक तिथे आणायचे नाही. शीर मिळाली, मागे रक्त दिसले, पण प्लास्टिकची नळी पुढे सरकेना, असे झाले की बरेचदा ती झडपेला अडलेली असते. जोर लावला की शीर फुटते, आणि नातेवाईक म्हणतात, ‘सिस्टरला शीर गावली नाय.’ गावली होती, जागा चुकली.

हाताचा नकाशा असा. पंजाच्या पाठीवर शिरांचे जाळे असते. त्यातून अंगठ्याच्या बाजूने सेफॅलिक नावाची शीर निघते आणि मनगटावरून, हाताच्या कडेने खांद्यापर्यंत जाते. करंगळीच्या बाजूने बॅसिलिक निघते. ती चांगली जाड असते, पण हाताच्या मागच्या अंगाला लपते आणि बोटाखालून निसटते, म्हणून दुर्लक्षित राहते. कोपराच्या खळग्यात या दोघींना तिरकी जोडणारी मिडियन क्युबिटल. सगळ्यांना दिसते, सगळ्यांना मोह पाडते ती हीच. माणसामाणसांत ही मांडणी थोडी बदलते. कुणाच्या हातावर इंग्रजी एम अक्षर दिसते, कुणाच्या हातावर काहीच धड दिसत नाही.

शीर टोचायची जागा विचारपूर्वक ठरवायची असते हे आपल्याकडे फार जुने ज्ञान आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सातशे शिरा मोजल्या आहेत आणि त्यांतल्या अठ्ठ्याण्णव टोचू नयेत असे बजावले आहे. तिथला हेतू रक्त काढण्याचा होता, औषध देण्याचा नव्हता. आणि त्या शिरांमध्ये आजच्या अर्थाने शिरा नसलेले बरेच काही आहे. पण टोचण्याच्या जागांइतकीच न टोचण्याच्या जागांची यादी महत्त्वाची, हे त्या ग्रंथकाराला पक्के ठाऊक होते.

आजची न टोचण्याची यादीही पाठ असावी लागते. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात टाळतात. डायलिसिससाठी शीर धमनीला जोडून केलेला फिस्टुला असलेल्या हाताला सुई तर सोडाच, रक्तदाबाचा पट्टाही लावत नाहीत. लकवा झालेला हात नको, कारण तिथे औषध शिरेबाहेर गेले तर रुग्णाला दुखणार नाही आणि कुणाला कळणार नाही. मनगटाची आतली, म्हणजे तळव्याकडची बाजू नको. तिथे शिरा बारीक आणि मज्जातंतू जवळ. मोठ्या माणसाचे पाय शक्यतो नकोत, पायाच्या शिरेत गुठळी होण्याची भीती जास्त. अंगठ्याच्या बाजूला मनगटाशी सेफॅलिक सरळ आणि जाड दिसते, परदेशात तिला शिकाऊ डॉक्टरांची शीर म्हणतात. पण तिच्या शेजारूनच एक संवेदनेचा मज्जातंतू जातो, म्हणून तिथे मी चार बोटे वर सरकते.

मग उरते काय? बहुतेक वेळा कोपर आणि मनगट यांच्या मधला हात. तिथे दोन हाडांची जन्मजात फळी आहे. सांधा नाही, त्यामुळे हात हलला तरी नळी वाकत नाही. सुरुवात शक्य तितकी खालून करायची आणि गरज पडली तर वर जायचे. याचे कारण पाटाचे पाणी समजणाऱ्याला लगेच कळेल. पाटाला पुढे भगदाड असेल तर मागून सोडलेले पाणी तिथेच बाहेर पडते. रक्त पंजाकडून खांद्याकडे वाहते. आधी कोपरात टोचून ती शीर फोडली आणि मग तिच्याच खाली मनगटाकडे सलाईन लावली, तर औषध वरच्या भोकातून मांसात झिरपते आणि हात सुजतो.

एका बाबतीत मात्र मधल्या हाताचा नियम मोडावा लागतो. ज्याची मूत्रपिंडे थकत चालली आहेत त्याच्या हाताच्या शिरा राखून ठेवायच्या. उद्या डायलिसिसची वेळ आली तर फिस्टुला याच शिरेचा होणार. अशा माणसाला पंजाच्या पाठीवर टोचतात. जुना मधुमेह असलेल्या प्रत्येक रुग्णाला मूत्रपिंडाबद्दल विचारल्याशिवाय मी दंडाला पट्टा बांधत नाही. शीर ही रुग्णाची ठेव आहे, आपण ती खर्च करत असतो.

आणि हात कुणाचा आहे हेही पाहावे लागते. पेण म्हटले की गणपती. शहरात आणि हमरापूर-जोहे भागात घरोघरी मूर्तींचे कारखाने आहेत, आणि सणाआधीच्या दोनतीन महिन्यांत तिथल्या माणसाला आजारी पडायला सवड नसते. नेमके तेच दिवस पावसाचे, म्हणजे मलेरिया, डेंगी, लेप्टोचे. अशा तापात इंजेक्शने चालू असताना पुष्कळदा इंट्राकॅथ, म्हणजे ती प्लास्टिकची नळी, हातातच ठेवून माणसाला घरी पाठवतात, उद्या या म्हणून. मूर्तीचे डोळे आखणाऱ्याच्या उजव्या मनगटावर नळी बसवली तर त्याचे दोन दिवस गेले. म्हणून आधी विचारायचे, ‘दादा, आखणी कोणत्या हाताने करता?’ मग दुसरा हात घ्यायचा. भातलावणीच्या दिवसांत आलेल्या बाईचा पंजा टाळायचा. तिला नको म्हटले तरी घरी गेल्यावर तिचे हात पाण्यात जाणारच, आणि ओली झालेली चिकटपट्टी जंतूंना आमंत्रण देते. हातातल्या बांगड्या घट्ट असतील तर, ‘मावशी, हात सुजला तर या रुततील, दोन काढून ठेवू का?’ असे विचारून मगच हात लावावा. न विचारता चुडा वाढवायला निघालेल्या सिस्टरवर ती मावशी पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

आता कोपर. कोपरातली शीर ठळक असते, हाताला सहज लागते, आणि म्हणूनच घाईत तिच्याकडे धाव घेतली जाते. साध्या तापाला तिथे सलाईन लावणे मला चूक वाटते. रुग्णाने हात वाकवला की नळी दुमडते आणि सलाईन थांबते. हात सरळ ठेवण्यासाठी पुठ्ठा बांधावा लागतो आणि मग त्याला स्वतःच्या हाताने जेवताही येत नाही. त्या शिरेच्या खालीच, फक्त एका पातळ पडद्यापलीकडे, दंडाची मोठी धमनी आणि तिच्या शेजारी एक महत्त्वाचा मज्जातंतू आहे. खळग्यात द्रव झिरपला तर बराच झिरपेपर्यंत दिसत नाही. रक्त तपासणीसाठी काढायचे तर ही शीर उत्तम, पण दोन मिनिटांचे काम आणि दोन दिवसांचे काम यांत फरक आहे.

तरी मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ किंवा नागोठण्याजवळ अपघात होतो आणि रक्तबंबाळ माणूस स्ट्रेचरवर येतो, तेव्हा कोपरच बरोबर. तिथे प्रश्न आरामाचा नसून वेगाचा असतो, आणि तो वेग नळीच्या जाडीवर ठरतो. इंट्राकॅथला रंग असतात: चौदा नंबर नारिंगी, सोळा राखाडी, अठरा हिरवी, वीस गुलाबी, बावीस निळी, चोवीस पिवळी. नंबर वाढला की नळी बारीक. हिरवीतून मिनिटाला साधारण ९० ते १०० मिलिलिटर द्रव जातो, पिवळीतून २० च्या आसपास. इतका फरक का, हे पॉइसय या फ्रेंच वैद्याने १८४० च्या दशकात काचेच्या बारीक नळ्यांवर मोजून दाखवले. त्रिज्या निम्मी केली की प्रवाह निम्मा नव्हे, सोळावा हिस्सा होतो. नळी लांब असेल तर प्रवाह आणखी कमी. म्हणून अपघातात जाड आणि आखूड अशा दोन नळ्या, शक्यतो दोन हातांना. पोटाला किंवा कमरेच्या हाडांना मार असेल तर पायाला लावायची नाही. वर चढणारा द्रव वाटेत फाटलेल्या शिरेतून पोटातच सांडेल. आणि दोन्ही हातांच्या शिरा मिटलेल्या असतील तर वेळ घालवायचा नाही. गुडघ्याखालच्या हाडात सुई घालून मज्जेत सलाईन देता येते. हाड मिटत नाही.

उलट बाजूने, सगळ्यांनाच जाड नळी लावणेही चूक. शिरेत नळीच्या आजूबाजूने रक्त वाहत राहिले पाहिजे, म्हणजे औषध पातळ होऊन पुढे जाते आणि शिरेचे आतले अस्तर भाजत नाही. ज्येष्ठांना, नुसते प्रतिजैविक चालू असलेल्यांना बावीस नंबर पुरते. काम भागेल इतकी बारीक, हा हिशेब.

रायगडात पावसाळा म्हणजे साप, आणि सापाच्या रुग्णात जागेची निवड सर्वांत कसोटीची होते. घोणस किंवा फुरसे चावले की रक्त गोठणे बंद होऊ शकते. ते तपासायची पद्धत साधी आहे. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही, मग तिरके करायचे. पातळच राहिले तर विष रक्तात भिनले आहे. अशा माणसाला टोचलेले प्रत्येक भोक गळत राहते. म्हणून पहिल्याच वेळी शीर मिळालीच पाहिजे, आणि ती अशा जागी हवी की बोटाने दाबून रक्त थांबवता येईल. हाताची कातडीलगतची शीर चालेल; मानेची, जांघेची, गळ्याच्या हाडाखालची नको. दंशाचा हात किंवा पाय नको, तो आधीच सुजणार असतो. एकदम आवश्यक असलेले ॲड्रिनॅलिन सोडले तर स्नायूत इंजेक्शनही टाळतात, आत रक्त साठते म्हणून.

प्रतिविष शिरेतूनच द्यावे लागते. मुंबईतल्या परळच्या हाफकिन संस्थेचे नाव त्यासाठी महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारे ते कोरड्या भुकटीच्या रूपात येते. सुरुवातीला दहा कुप्या विरघळवून सलाईनमधून साधारण तासाभरात देतात. मुलालाही तितक्याच, कारण साप माणसाचे वय पाहून विष कमी टोचत नाही. प्रतिविषाची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, तेव्हा शिरेतली वाट पक्की असणे म्हणजे जीव वाचणे. इथे मी पंजावरच्या नाजूक शिरेवर भरवसा ठेवत नाही. न चावलेल्या हाताची मधली, सरळ, जाड शीर घेते. आणि दंशावर कुणी दोरी आवळून आणली असेल तर ती सिस्टरने घाईने सोडायची नाही. डॉक्टर आणि औषध तयार ठेवून सोडायची, कारण खाली अडलेले विष एकदम वर येते.

विंचवाचे दुखणे वेगळे. कोकणातला लाल विंचू चावला की शरीरातले मज्जातंतू एकदम खवळतात. माणूस घामाने भिजतो, हातपाय बर्फासारखे गार पडतात, शिरा आवळून नाहीशा होतात. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी याच जिल्ह्यात असे रुग्ण पाहिले आणि हा हल्ला हृदयावर कसा येतो ते १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. पुढे त्यांनी रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिनची गोळी वापरात आणली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शीर मिळत नाही त्या आजारावर तोंडाने घ्यायची गोळी लागू पडली, हे मला फार मोलाचे वाटते. गार हात पाहून सलाईन भराभर सोडण्याचा मोह मात्र इथे घातक आहे. थकलेल्या हृदयामागे पाणी तुंबून ते फुप्फुसात उतरते.

लहान बाळाच्या हातावर चरबीची गादी असते, शीर लागत नाही. जुलाबाने सुकलेले बाळ असेल तर तिथे काहीच उरत नाही. मग डोक्यावरची शीर घेतात. ती कातडीलगत असते आणि तिथे उघाड्या नसतात. आधी बोटाने ठोका नाही ना पाहायचे, कारण कानापुढे धमनीही तशीच वळसे घेत जाते. पण त्यासाठी थोडे केस काढावे लागतात, आणि जावळ झालेले नसेल तर घरच्यांच्या पोटात कालवते. कातकरवाडीतून आलेल्या आईला ‘थांब, रडू नको’ म्हणण्यापेक्षा केस का काढायचे ते एका वाक्यात सांगावे, काढलेले केस तिच्या हातात द्यावेत. आणि बाळ चमचा चमचा पाणी घेत असेल, उलट्या थांबल्या असतील, तर सुईचा हट्टच धरू नये. १९७१ मध्ये बंगालच्या सीमेवरच्या बनगाव इथल्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. त्यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले.

ताकद येण्यासाठी सलाईन लावून घेणाऱ्यांनाही हेच सांगावेसे वाटते. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर. बशीभर पोह्यांत याहून जास्त बळ आहे, आणि त्यासाठी एक शीर खर्च होत नाही.

टोचताना करायच्या गोष्टी थोड्या आहेत. हात गार असेल तर कोमट पाण्याचा कपडा, हात खाली सोडलेला, पट्टा चार बोटे वर आणि मिनिटभरापुरता, नाडीचा ठोका न थांबता. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचे. ओले असताना टोचले तर जळते आणि जंतूही मरत नाहीत. पुसल्यानंतर त्या जागी पुन्हा बोट लावायचे नाही. कातडी अंगठ्याने खाली ताणून शीर धरायची, मग ती पळत नाही. दोन शिरा मिळतात त्या जोडाच्या जरा खालून शिरले तर शीर आपोआप बांधलेली असते. आजीच्या कागदासारख्या कातडीवर पट्टा सैल किंवा नकोच; फुगलेली म्हातारी शीर सुई लागताच फुटते. दोनदा प्रयत्न फसले की मी सुई दुसरीच्या हातात देते, आणि माझ्या विद्यार्थिनींनाही तेच करायला लावते.

चिकटपट्टीवर तारीख आणि वेळ लिहायची. नंतर प्रत्येक पाळीला जागा पाहायची, दाबून पाहायची. जळजळ, लाली, सूज, शिरेवर उठलेली दोरी, यांतले काहीही दिसले की नळी काढायची, सलाईन कितीही उरलेले असो. नातेवाइकांनी इथे डोळे उघडे ठेवावेत. ‘दुखतंय’ असे रुग्ण म्हणाला की सिस्टरला हाक मारावी, पण सलाईनचे चाक स्वतः फिरवू नये. नळी काढल्यावर कापूस दोनतीन मिनिटे बोटाने दाबून धरायचा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आणखी थोडा वेळ. कोपरातून काढली असेल तर बहुतेक माणसे हात दुमडून बसतात. तसे करू नये. दुमडल्याने भोक पुन्हा उघडते आणि दुसऱ्या दिवशी तिथे काळेनिळे होते. हात सरळ, थोडा वर, आणि अंगठ्याचा दाब.